हिराकस आणि फुटलेली काच

पिंपळनेरच्या आमच्या शाळेत एका मुलीने कॉपीसाठी प्रयोगशाळेची काच फोडली, असं अजून सांगतात. मध्यंतरी धुळ्याला एका लग्नाच्या पंगतीत माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने ते हसत हसत सांगितलं. मी शेजारीच जेवत होतो. तेव्हा त्याला खोडून काढलं नाही. म्हणून लिहितो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी दहावीला विज्ञान शिकवायचो. हिराकस तापवण्याचा प्रयोग होता. फिकट हिरवे खडे कोरड्या परीक्षानळीत तापवले की आधी पांढरे पडतात, नळीच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब धरतात, मग खाली तांबूस पूड उरते आणि जळत्या काडीसारखा उग्र, घसा धरणारा वायू निघतो. मी मुलांकडून घोकून घ्यायचो. खडे चिमूटभरच. नळी आडवी, तोंड किंचित खाली, म्हणजे थेंब मागे ओघळून तापलेली काच तडकत नाही. तोंड कुणाच्या अंगावर रोखायचं नाही. नाक नळीवर न्यायचं नाही, हाताने वास आपल्याकडे ओढायचा. शेवटी मी विचारायचो, "घसा खवखवला तर?" आणि वर्ग ओरडायचा, "आधी खिडकी, मग निरीक्षण!"

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी खिडक्या बंद होत्या. मागच्या कडुनिंबावर चढून पोरं आत चिठ्ठ्या टाकायची, म्हणून मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशीच तावदानं खिळे ठोकून पक्की केली होती. बाहेरच्या शाळेतून आलेल्या परीक्षकांनी दारही लावून घेतलं. नळ्यांकडे बघून ते म्हणाले, "एवढ्याशात काय दिसणार? चमचा चमचा घाला."

"सर, खोली बंद आहे," मी म्हणालो.

"बंदच पाहिजे. तुमच्या गावाची कीर्ती आमच्यापर्यंत आली आहे."

सगळ्या तुकडीला एकच प्रयोग. स्पिरिटचे दिवे पेटले. थोड्याच वेळात खोकल्याची साथ आल्यासारखी खोली खोकू लागली. मी दाराकडे निघालो तर परीक्षकांनी हातानेच थांबवलं. खिडकीजवळ दोन मैत्रिणी उभ्या होत्या. एकीला लहानपणापासून दमा. ती टेबलाला धरून खाली बसली, ओठ निळसर झाले. दुसरीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. मग तिने नळी खाली ठेवली, दिवा विझवला, लोखंडी स्टँड उचलला आणि तावदानावर घातला.

वारा आत आला, आणि त्याच भोकातून एक चिठ्ठीही. बाहेरची पोरं संधीच बघत होती. चिठ्ठी कुणासाठी होती, देव जाणे. पडली ती तिच्या पायाशी.

परीक्षकांनी ती उचलली आणि मला विचारलं, "तुम्ही पाहिलंत ना?" माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा बसला होता. मी मान हलवली. काच आणि चिठ्ठी दोन्ही पाहिल्या होत्या, हे खरंच. त्यांनी त्याचा हवा तो अर्थ घेतला आणि कॉपीचा अहवाल लिहिला.

त्या मुलीला दहावीनंतर धुळ्याला नर्सिंगला जायचं होतं. आता तिचा निकाल अडणार, हे सगळ्यांना कळलं. तिचे वडील एसटी स्टँडवर फुटाण्यांची गाडी लावायचे. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले.

"सर, मनी पोर चोर शे का? तुम्ही तठेच व्हतात ना?"

"चोर नाही, भाऊ. तिने मैत्रिणीचा जीव वाचवला."

"मंग हाई बठ्ठासले सांगा ना."

सगळ्यांना सांगायचं, तर मी आधी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "वायूचं नाव काढलंत की खिडक्या कुणी ठोकल्या ते विचारतील. केंद्र जाईल. मग पाड्यांवरची पोरं परीक्षेला साक्रीला तुम्ही नेणार का सायकलवर?" त्यांचं खोटं नव्हतं. तरीही मी धुळ्याला शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, मुख्याध्यापकांचं पत्र आणा. ते पत्र मिळणार नव्हतं. मी परतीच्या एसटीत बसलो आणि पुन्हा गेलो नाही.

दम्याची मैत्रीण पास झाली. हिचा निकाल राखून ठेवला. वर्ष गेलं. त्या वर्षात गावाने काच आणि चिठ्ठी जोडून टाकली, ती कायमची. नव्या वर्गात मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घसा खवखवला तर?" मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "खोकायचं सर, पण काच नाही फोडायची!" वर्ग हसला. मला त्यांच्यावर रागवता येईना.

पुढच्या परीक्षेला ती पुन्हा आली. फुटल्या जागी पत्रा ठोकलेला होता. नेमका तोच प्रयोग. परीक्षक नवे होते, पण दार याही वेळी लावलेलंच. तिने चिमटीपेक्षाही कमी हिराकस घेतला आणि पिशवीतून ओला रुमाल काढून नाकातोंडावर बांधला.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"सर्दी आहे, सर."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, सर्दी आहे तिला." तिने मान वर केली नाही. नळी आडवी धरली, तोंड किंचित खाली, भिंतीकडे, आणि ज्योतीवर हळूहळू फिरवू लागली.