साडेआठ फुटांवरची रिंग

बातमी मला एसटीत कळली. हुपरीहून कोल्हापूरला निघालो होतो, तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, तुमचं रशीद मिस्त्री गेलं की ओ. काल माती झाली." मी नुसतं "व्हय?" म्हणालो आणि पुढचा प्रवासभर तिकिटाची गुंडाळी करत बसलो. आमचं गाव गडमुडशिंगी आलं, गाडी थांबली, तरी उतरलो नाही. पंधराच दिवसांपूर्वी मी त्याला भेटलो होतो. खाटेवर बसून खोकत होता. फौंड्रीतली वाळू आणि धूर वीस वर्षं छातीत भरून घेतल्यावर माणूस दुसरं काय करणार? मी स्टुलावर टेकलो, तसा तो बायकोला म्हणाला, "चहा ठिव आणि जरा भाईर बस की." मग माझ्याकडं बघत राहिला आणि नेहमीसारखं म्हणाला, "आणि काय, वश्या… बोल." मी शाळेतलं, पावसापाण्याचं बोललो आणि पाऊण तासानं उठलो.

रशीद आणि मी एका आळीतले. कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. आमच्या या गड्याला मात्र बास्केटबॉलचं खूळ लागलं, तेही रद्दीतून. भडंगाच्या पुडीला आलेल्या इंग्रजी मासिकाच्या कागदावर त्याला तो दिसला : रिंगखाली कमरेवर हात ठेवून उभा असलेला, काळाशार, उंच अमेरिकन खेळाडू. मग त्यानं रद्दीवाल्याची पाठच धरली. दोन वर्षांत भिंतीवर तिघं चिकटले. नावं फाटून गेलेली, म्हणून रशीदनंच त्यांचं बारसं केलं. चष्म्याला पट्टी बांधून खेळणारा तो मास्तर. चेंडू घेऊन वाकलेला, गालफडं बसलेला तो आण्णा. आणि रिंगखालचा तो तात्या. ते तिकडं पैशासाठी खेळणारे नामांकित गडी आहेत, एवढंच आम्हांला कळलं होतं. तात्यावर रशीदचा जीव होता. सणाला नवा सदरा घातला की आधी त्याच्यापुढं उभा राहायचा. "बघ की, कसा हुबा हाय! घाई न्हाय गड्याला," म्हणायचा. हलता तात्या आम्ही कधी पाहिला नाही. त्याची उडी, त्याची फेक, सगळं आम्हीच मनानं रचलेलं.

मग रिंग करायचं ठरलं. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून, तापवून रशीदनं अशी गोल वळवली की बघत राहावं. आता ती लावायची किती उंचीवर? शहरात कॉलेजात मैदान होतं, तिथं जाऊन मोजता आलं असतं. पण रशीद म्हणाला, "त्यांचं कशाला मोजायचं? आपला तात्या हाय की." आणि पट्टी माझ्या हातात दिली, कारण हिशेबात मी पक्का. चित्रात तात्या साडेतीन इंच, रिंग पाच इंचांवर. आता खरा तात्या किती? आमच्या तालमीतला सगळ्यांत उंच पैलवान सहा फूट. त्याच्यावर माणूस असतोय होय? मी तात्याला सहा फूट धरला, चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनं त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं साडेआठ फूट. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तेच त्रैराशिक मी आज वीस वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवतो आहे, कंटाळा येईपर्यंत.

त्या रिंगवर रशीद काय खेळायचा, विचारू नका! दहातले नऊ आत. हात वर तसाच ठेवायचा, मनगट वाकवून, चेंडू जाळीतून खाली पडेपर्यंत. आसपासच्या गावांतून माणसं सायकलवरून बघायला यायची. तेवढ्यात शिरोलीच्या एका कारखान्यानं आपला संघ काढायचा ठरवलं. निवड झालेल्याला कायमची नोकरी, तीही स्टोअरमध्ये, भट्टीपासून लांब. रशीद तेव्हा फौंड्रीत साचे भरणारा हंगामी मोल्डर होता, धुरानं डोळे कायम लाल. त्याच्या आईनं तर निवडीच्या आधीच नवस बोलून ठेवला.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. निवडीच्या आठ दिवस आधी मी परीक्षेच्या अभ्यासाला शहरातल्या वाचनालयात गेलो होतो. तिथं एका जुन्या अंकात अख्खा तात्या भेटला. तेच चित्र, खाली नाव आणि उंची : सात फूट. तिथंच वहीवर पुन्हा गणित मांडलं. रिंग दहा फुटांवर हवी होती. म्हणजे रशीद दीड फूट खाली खेळत होता… त्याच दिवशी सांगितलं असतं तर तासाभराचं काम होतं. आठ दिवस हातात होते, आणि त्याचा हात असा होता की आठ दिवसांत बसलाही असता. पण सगळ्या गावानं ज्याला हुशार म्हटलं त्यानं आपण चुकलो म्हणून कसं सांगायचं? उद्या सांगू म्हणालो. मग परवा. मिजास होती, भीती होती, काय होतं कोण जाणे. मी सांगितलं नाही, एवढं खरं.

निवडीच्या दिवशी मी सोबत गेलो होतो. वीस चेंडू दिले त्याला. तीन पडले. बाकीचे सगळे रिंगच्या खालून नाहीतर कडेला आपटून परत. लोक हसले. तो दरवेळी हात तसाच वर ठेवून बघत राहायचा, माझ्याकडं मात्र त्यानं बघितलं नाही. दोन दिवसांनी घरी आला आणि एवढंच म्हणाला, "वश्या, शिडी धर." जुनी भोकं तशीच ठेवून त्यानं रिंग दीड फूट वर बसवली. दहा फूट हे त्याला कुठून कळलं, मी विचारलं नाही. निवडीच्या वेळी नजरेनं मापलं असेल, अशी माझी मी समजूत घातली. पुढं तो या फौंड्रीतून त्या फौंड्रीत फिरत राहिला, भट्टीपुढंच. मी मास्तर झालो, हुपरीला गेलो. महिन्या-दोन महिन्यांनी भेट व्हायची. चहा, भाभी अंगणात, आणि "बोल."

चाळिसाव्या दिवशी फातिहाला गेलो. पाहुणे पांगल्यावर भाभींनी भिंतीवरचा तात्या काढून माझ्या हातात दिला. पाठीवर माझं पेन्सिलीचं गणित अजून दिसत होतं. त्यातल्या सहावर रशीदनं काट मारून वर सात लिहिलं होतं.

"निवडीच्या दुसऱ्याच दिवशी वाचनालयात गेलतं ते, तात्याची उंची हुडकायला," भाभी म्हणाल्या. "तिथला म्हातारा म्हणला, ह्योच अंक तुमच्या दोस्तानं गेल्या आठवड्यात बघितला, वहीत उतरून बी घेतलं."

मी त्या सातवरून बोट फिरवत राहिलो.

"मी कितींदा म्हणले, इचारा की एकदाचं. तर म्हणायचं, न्हाय, त्यो आपल्या तोंडानं सांगंल. तुम्ही आला की मला भाईर घालवायचं. म्हणायचं, बाईमाणसाम्होरं लाजंल त्यो… आज सांगंल बघ."

एवढं बोलून त्यांनी चहा आणला, स्टूल खाटेसमोर नेहमीच्या जागी सरकवलं आणि सवयीनं उठून अंगणात गेल्या. मी बसलो. खाटेवरची चादर घडी करून ठेवली होती. तात्या मांडीवर होता, घाई नसलेला.

"रशीद," मी म्हणालो, "तात्या सात फूट होता रे. मला माहीत होतं."