आठवीत राहिलेला दादा

माझा दादा तेराव्या वर्षी जसा होता, तसाच बावन्नाव्या वर्षी आहे. लोक त्याला शिस्तीचा माणूस म्हणतात. म्हणू देत, त्यांना त्याच्याबरोबर वाढावं लागलं नाही.

आठवीपर्यंत तो बरा होता. वहीच्या मागच्या पानांवर जहाजं काढायचा, खोटं बोलायचा, हरला की रडायचा. मग एका सोमवारी वर्गशिक्षकांनी त्याच्या खिशाला मॉनिटरचा बिल्ला लावला, कारण आधीच्या मुलाला गोवर आला होता. दादाला वाटलं, सरांना आपल्यात काहीतरी दिसलं. सरांना फक्त रिकामी जागा दिसली होती.

त्याच महिन्यात आमच्या बाई आल्या नाहीत म्हणून त्याला सहावीवर लक्ष ठेवायला पाठवलं. मी शेजारणीकडे खोडरबर मागितलं. त्याने फळ्यावर माझं नाव लिहिलं, तेही आडनावासकट, जणू मी कोण हे त्याला विचारून घ्यावं लागलं होतं. मी तासभर दाराबाहेर उभी राहिले. घरी आईने त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. "माझं पोरगं न्यायाने वागलं," म्हणाली. झालं. जहाजं बंद पडली, रडणं बंद पडलं, आणि दादा तयार झाला. त्या वयात सगळेच काही ना काही अंगावर चढवून बघतात आणि महिन्या-दोन महिन्यांत काढून टाकतात. याने काढलंच नाही. पायाचा नंबर वाढला, मिशी आली, आत काही हललं नाही.

बिस्किटांच्या कारखान्यात त्याला हजेरी कारकुनाची नोकरी लागली. फाटकाशी काचेच्या खोलीत बसून कोण किती मिनिटं उशिरा आलं ते लिहायचं. देवाने एखाद्याची इतकी सोय करू नये. कामगार त्याला मॉनिटरच म्हणायचे. ती चेष्टा आहे हे त्याला कधी कळलं नाही.

त्याची लेक चौदाची झाली आणि तिने त्याची झोप उडवली. एक महिना ती फक्त काळे कपडे घालायची. पुढच्या महिन्यात तिला समुद्राच्या तळाशी काम करायचं होतं. सही दर आठवड्याला नवी. मैत्रिणीही बदलायच्या, आणि प्रत्येकीबरोबर ती वेगळंच हसायची. वहिनी म्हणायची, "वय आहे, होऊ दे." दादा म्हणायचा, "थारा नाही पोरीला." त्याने एक छापील तक्ता आणला: नाव, गुण, दोष, ध्येय. तिने ध्येयाचा रकाना कोरा सोडला. याने स्वतःच्या अक्षरात 'बँक अधिकारी' लिहून तक्ता तिच्या पलंगासमोर चिकटवला.

माझं पडदे शिवायचं दुकान आहे. शाळा सुटली की ती तिथे यायची. एक दिवस कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसून तिने माझ्या मोठ्या कात्रीने केस कापले. एक बाजू कानाच्या वर, दुसरी खाली.

"कशी दिसते, आत्या?"

"वाईट," मी म्हणाले. "आणि कात्री कापडाची आहे. तिची धार गेली."

ती मनापासून हसली. मग आम्ही दोघींनी मिळून दुसरी बाजूही वर घेतली.

वर्ष सरलं आणि शाळेने तिलाच मॉनिटर नेमलं. दादाने कारखान्यात पाळीच्या प्रत्येक माणसाला ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी कळलं, तिने नकार दिला होता. तो तिला घेऊन थेट दुकानात आला, कारण त्याच्या मते मीच तिला शिकवलं होतं.

"कारण सांग," तो म्हणाला.

"मला वर्गात बोलायला आवडतं."

"हे कारण आहे? मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा..."

"बाबा, तुम्ही अजून माझ्याच वयाचे आहात. मी पुढे जाईन."

ती उद्धटपणे बोलली नाही. बस किती वाजता आहे हे सांगावं तसं म्हणाली. मी मशीनवरून पाय काढला. वाटलं, आता तरी काही फुटेल. दादाने टांगलेला पडदा हातात घेतला, शिवण बघितली आणि म्हणाला, "ही तिरकी आहे."

दुसऱ्या दिवशी रजा काढून तो शाळेत अर्ज घेऊन गेला: मुलीचा नकार रद्द समजावा. तोवर ते काम दुसऱ्या मुलीला मिळालं होतं. तिने त्याला वर्गाच्या दारातच अडवलं. "काका, तास चालू आहे, बाहेर थांबा." आणि तो थांबला, घंटा होईपर्यंत, हात मागे बांधून. हे त्याने स्वतःच मला सांगितलं, आणि त्या मुलीचं कौतुकही केलं.

आज लेक तेवीस वर्षांची आहे. दोन अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडून आता लिफ्ट दुरुस्त करते, आणि तिसरं काही सुचलं तर तेही करेल. बापाशी नीट बोलते, हवं तेव्हा येते, हवं तेव्हा जाते. तो मात्र ओळखीच्यांना सांगतो, तिचं अजून काही ठरलेलं नाही.

वहिनी म्हणते, त्याची कीव येते. मला येत नाही. त्याला बदलायला एकोणचाळीस वर्षं होती, आणि मी त्यातली बरीचशी जवळून पाहिली आहेत. परवा तो दुकानात आला, खुर्चीवर बसला आणि मी शटर उघडायला सात मिनिटं उशीर केला असं म्हणाला. मी दोऱ्याची रिळं लावत राहिले.