मेसेज गेला होता

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. घरीही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं कळत नाही. थकलोय, एवढंच.

मी नवापूरजवळच्या एका पोल्ट्री कंपनीत आहे. लागलो तेव्हा ‘कॉम्प्युटरवाला’ होतो. प्रिंटर अडकला की हाक यायची. मीटिंगच्या आधी आत जाऊन वायर जोडायची, बाहेर यायचं. मग हळूहळू काय झालं कोण जाणे — खाद्य किती, तापमान किती, गाडी कधी सुटली, सगळं माझ्या स्क्रीनवर आलं. शेठनी कार्डावर मोठं इंग्रजी पद छापून दिलं, आणि शेजारची खुर्ची. काही ठरवायचं झालं की आधी माझ्याकडे बघायचे. सवय लागते हो त्याची.

रमण गावित शेडवर कामाला होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. दर तासाला शेडमध्ये चक्कर मारायचा. आत जाऊन नुसता उभा राहायचा, पक्ष्यांचा आवाज ऐकायचा. ती चक्कर मीच बंद केली. दार उघडलं की रोग आत येतो, पंखा थांबला तर तुझा मोबाईल वाजेल, म्हटलं. त्याला पटलं नव्हतं. पण साहेबाला नाही कोण म्हणतं?

मे महिन्यात बँकेची माणसं आमची सिस्टीम बघायला आली. मी बोलत होतो आणि शेठचा मोबाईल सारखा वाजत होता — किरकोळ इशारे, एखादा अंश वर, एखादा खाली. शेठनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी लॅपटॉपवरून सगळ्यांचेच इशारे बंद केले. तासाभरासाठी.

चालू करायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चार नंबरच्या शेडचे पंखे थांबले. रमणभाऊ बाहेर निंबाखाली बसला होता, मोबाईल मांडीवर ठेवून — मी सांगितलं होतं तसाच. काहीतरी चुकतंय असं वाटून त्याने दार उघडलं, तोवर शेडभर पक्षी मरून पडले होते.

संध्याकाळी शेठच्या केबिनमध्ये तो एवढंच म्हणाला, “मोबाईल वाजलाच नाही, साहेब.” सगळे माझ्याकडे वळले. मला ठाऊक होतं का? होतं. तासाभरापूर्वीच मी सिस्टीम उघडून बघितली होती. इशारे गुपचूप परत चालूही करून ठेवले होते.

“मेसेज गेला होता,” मी म्हणालो.

कुणी पुरावा मागितला नाही. मागून तरी काय — तपासणारा मीच. शेठ चिडलेसुद्धा नाहीत. “मशीन कसाले खोटं बोली, रमण?” एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

इथेच संपलं असतं तर — नाही, तेही काही कमी नव्हतं. पण पंधरा दिवसांनी तो ऑफिसात आला. मला वाटलं, भांडायला. त्याने खिशातून डॉक्टरांचा कागद काढून टेबलावर ठेवला. कान तपासून आला होता. घरचे त्याला म्हणत होते, झोपला असशील, नाहीतर ऐकायला कमी येत असेल.

“मी झोपलो नव्हतो, साहेब. कान पण चांगले आहेत म्हणतो डॉक्टर. मग मला ऐकू कसं नाही आलं?”

तो खरंच विचारत होता. मला सगळं माहीत असतं ना, म्हणून.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी कागद वाचल्यासारखं केलं, घडी घालून परत दिला आणि म्हणालो, “वय होतं, रमणभाऊ.”

त्याने कागद खिशात ठेवला. मग “हां” म्हणाला.

पुढच्या हंगामात तो बायकोबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला. परवा आठवडे बाजारात दिसला, मी पटकन पाठ केली त्याच्याकडे. भाजीवाली भाव सांगत होती. त्याने तिला थांबवलं — जरा मोठ्याने बोल बाई, मला कमी ऐकू येतं.