चमचाभर पाणी

आमचं घर काशीत, अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं करण्यात माझा जन्म गेला. परत जाताना यजमान गंगेचा सीलबंद गडू नेतात. घरात कुणाची शेवटची घटका आली की तोंडात थेंब घालायला. आमच्याकडे असला गडू कधीच नव्हता. गंगा दारात असताना हवा कशाला?

म्हणून माझ्या बायपासच्या आदल्या दिवशी इस्पितळात न्यायच्या पिशवीत, टॉवेलाखाली, तसाच एक गडू दिसला तेव्हा मी तो उपसून बाहेर काढला.

“हे काय?” मी बायकोला विचारलं.

“असू द्या हो. इस्पितळ शहराच्या त्या टोकाला, तिथे ऐन वेळी...” तिने पुढचं गिळलं.

मी गडू देवघरात नेऊन आपटला. तेवढ्यात पुण्याहून मेहुण्याचा फोन. “काशीत राहता, तुम्हाला कसली भीती?” त्याला फोनमधूनच एक ठेवून द्यावी असं वाटलं. मला मुक्ती नको होती. मला घरी परत यायचं होतं.

ऑपरेशननंतर जाग आली ती घशाला कोरड घेऊन. छातीवर पाटा ठेवल्यासारखा भार. सिस्टरने चमचा ओठांशी आणला. “बाबूजी, मुँह खोलिए.”

अर्धवट शुद्धीत मला एवढंच कळलं, की वेळ आली. बायकोने गडू पुन्हा पिशवीत घातला असणार. मी दात घट्ट आवळले, मान फिरवली. शेवटी त्यांनी बायकोला आत बोलावलं. माझं मिटलेलं तोंड बघून ती काय ते समजली.

“अहो, फिल्टरचं पाणी आहे. गडू घरीच आहे, कसम से.”

मग मी प्यालो. प्यालो आणि रडलो, आणि रडताना छाती इतकी दुखली की पुन्हा घाबरलो.

आता घरी आहे. भीती काही गेलेली नाही. खोकला आला की उशी छातीशी धरतो. औषध चमच्याने घेत नाही, पेल्यातूनच घेतो. देवघरातला गडू दिसत नाही. बायकोने कुठे ठेवला, ते विचारायला धजलो नाही.

पण ती दुपारी आडवी झाली, की तिचा श्वास चालू आहे ना, हे मी दारातून बघून येतो. तिलाच आधी लागला तर गडू कुठे शोधू? गंगा दारात आहे, पण घाटाच्या पायऱ्या डॉक्टरांनी मला बंद केल्या आहेत.