सारसांची जोडी, सकाळची वेळ

खाजा वल्द अकबर, राहणार नाशिक. वय अदमासे चाळीस, बांधा सडपातळ, वर्ण सावळा. ओळखीची खूण : उजव्या हाताची बोटे औषधाने तपकिरी झालेली. धंदा फोटोग्राफी, वर्तणूक निरुपद्रवी. सन १९३४ च्या जिल्हा शेती व हस्तव्यवसाय प्रदर्शनात ‘जिवंत पशुपक्षी व निसर्गदृश्ये’ या वर्गात पहिले बक्षीस व रौप्यपदक. सबब, जिल्ह्यातील वन्य जीवसृष्टीचे जाणकार छायाचित्रकार म्हणून सदर इसमाची शिफारस करण्यास हरकत नाही.

ही शिफारस प्रदर्शनाचे चिटणीस गंगाधरपंत यांनी लिहिली. पंतांचे वाक्य व्याकरणात कधी चुकत नसे.

खाजाचे पोट रामकुंडावर चाले. बापाचे पिंड पाडून, डोके तासून आलेला यात्रेकरू ओल्या धोतराने घाटावर उभा राही आणि खाजा त्याचा फोटो काढी. मधूनमधून कुणी घरी बोलावी. तिथे वारलेल्या म्हाताऱ्याला उशांचा टेकू देऊन बसवलेले असे, कारण तो जिवंत असताना त्याचा फोटो काढावा असे कुणाला सुचलेले नसे. दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके सोयीची होती. खाजाचा कॅमेरा जुना, बापाच्या वेळचा. भिंगावरचे झाकण हाताने काढायचे, मनात एक-दोन म्हणायचे, झाकण परत लावायचे. तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नाही. शोक आणि मृत्यू ही अट सहज पाळतात.

पण खाजाला जिवंत जनावर हवे होते. बोकड नव्हे, रानातले. का, ते त्याला धड सांगता येत नसे. “सगळी उमर मुडद्यांचीच सेवा करायची काय?” एवढेच म्हणे. त्यापायी कॅमेऱ्याचे तिकाटणे खांद्यावर मारून तो जिल्हाभर भटके. चांदवडच्या डोंगरात त्याच्यासमोर बिबट्या आला. फोटोत कातळ आला आणि कातळावर धुरासारखे काहीतरी. लासलगावच्या माळावर काळवीट आले. फोटोत गवत आले. डोंगर मात्र सुरेख येत. डोंगरांना कुठे जायचे नव्हते.

“जिंदा चीज का फोटू निकालना है तो मेरा निकालो ना,” त्याची बायको गुलजारबी म्हणे.

“तू हिलती बहुत है,” खाजा म्हणे, आणि ते खरे होते.

मग त्याला सारस सापडले. सायखेड्याच्या खाली, गोदावरीच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात, एक जोडी होती. माणसाएवढे उंच, राखी रंगाचे, तांबड्या मानेचे. पौषातल्या धुक्यात ते पाण्याकाठी असे उभे राहत, जणू कुणी आधीच सांगून ठेवले आहे. उभा राहणारा जिवंत प्राणी ! खाजाने एवढेच तर मागितले होते. प्रदर्शन तोंडावर होते, आणि येत्या रविवारी पंत मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन तिथेच शिकारीला जाणार होते. म्हणजे जे काय करायचे ते रविवारच्या आत.

तो कॅमेऱ्यात घालायच्या, मसाल्याचा थर दिलेल्या दोन काचा घेऊन गेला आणि काठावरच्या चिमणाबाईच्या घरी उतरला. बाई विधवा, शेत करणारी, तोंडाने तिखट.

“पाखराचा फोटू? अन् पाखरू पैसं देतंय व्हय?”

“नाही, मावशी.”

“मंग लय शाना हायेस.”

सकाळी त्याने दोन्ही काचा खर्ची घातल्या. फोटो आला की नाही, हे पाहिल्याखेरीज गाव सोडायचे नाही, ही त्याची रीत. कारण नाही आला तर पाखरे इथेच होती. चिमणाबाईच्या दाणे ठेवायच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे लाल कागद लावलेल्या कंदिलाच्या उजेडात त्याने काचा औषधात घातल्या. पहिली गढूळ निघाली. दुसरीवर सारस आले. दोघे. एकाची मान ताठ, दुसरा पाण्यात वाकलेला, आणि मागे धुक्याची एक पट्टी.

त्याने बाईला बोलावून दाखवले.

“अगं बया, काळ्याचं पांढरं अन् पांढऱ्याचं काळं ! भुतं हायेत ही !”

“कागदावर सरळ होतात, मावशी.”

आता काच पाण्यात नुसती धुवायची राहिली होती. परातीत थंड पाणी घालायचे, ओतायचे, पुन्हा घालायचे. त्या भागातली पौषातली थंडी नाशिककरांनाही बोचते. खाजाची बोटे वाकेनात. परात ओट्यावर ठेवून तो तिकाटणे आवरायला मागल्या दारी गेला.

आणि चिमणाबाईला ते बघवेना. पाव्हण्याने गार पाण्यात हात घालायचे आणि चुलीवर आधण असताना घरच्या बाईने बघत बसायचे, ही रीत तिच्या घरात नव्हती. तिने परातीतले पाणी सांडून कढत पाणी ओतले.

काचेवरचा मसाल्याचा थर थंड पाण्यापुरताच काचेचा असतो. खाजा आला तेव्हा दुधावरच्या सायीसारखा तो सुटून तरंगत होता. सारसांना सुरकुत्या पडल्या, ते लांब झाले, दुमडले आणि परातीच्या कडेला जाऊन चिकटले. खाली काच लख्ख.

“घाल आता हात. बरं वाटंल,” बाई म्हणाली.

खाजाने हात घातले. “बरं वाटलं, मावशी,” म्हणाला.

दुसऱ्या काचा आणायला नाशिकला जाऊन परत येईतो रविवार उजाडला. तो बंधाऱ्यावर पोचला तेव्हा बार झाले होते. पाहुण्यांनी दोन्ही सारस पाडले होते आणि न्याहारीला बसले होते.

गंगाधरपंत खुशीत होते. “बरा आलास, खाजामिया ! प्रदर्शनात जिवंत पक्ष्यांच्या वर्गात एकही फोटो आलेला नाही. वर्ग रिकामा राहिला तर कमिटीची शोभा होईल.”

“पंत, हे मेलेत.”

“म्हणून काय झालं? घाटावर म्हातारे बसवतोस ते काय टाळ्या वाजवतात?”

खाजाने टेकूसाठी बाभळीच्या काटक्या तोडल्या. एकाची मान ताठ बांधली, दुसऱ्याची पाण्याकडे वाकवली. धुके विरायच्या आत झाकण काढले, एक-दोन म्हणाला, झाकण लावले. कुणी हलले नाही.

परीक्षकांना फोटो फार आवडला. पक्ष्यांच्या डोळ्यांत जीव आहे, असे एकजण म्हणाला. पदक गुलजारबीने ट्रंकेत ठेवले.

पुढच्या पौषात खाजा नव्या काचा घेऊन बंधाऱ्यावर गेला. त्याच्या पुढच्याही. पाणी तसेच होते, धुके पडत होते. चिमणाबाईने दोन्ही खेपेला कढत पाणी दिले. सारस आले नाहीत.