इंजिनाची हवा

आमच्या गावाकडं, केजला, कुणाच्याही गाडीचा एसी बंद पडला की एकच कारण सांगतात, ग्यास संपला. त्यामुळे विमानात बसल्या बसल्या आईनं विचारलं, "ह्याच्यात ग्यास भरलाय ना रं?"

मी हैदराबादच्या विमानतळावर विमानांच्या देखभालीचं काम करतो. बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला नागपूरला नेत होतो. तिचा पहिलाच विमानप्रवास. अक्कल पाजळायची अशी संधी मी सोडतोय होय!

"ग्यासबिस काय न्हाई, आई. हवा इंजिनातून येती."

इंजिन बाहेरची हवा आत ओढून दाबतं. इंधन मिसळायच्या आधीच त्यातली थोडी हवा नळीनं काढून घेतात. दाबल्यामुळे ती चटका बसेल एवढी तापलेली असते. विमानाच्या पोटातल्या यंत्रात बाहेरच्या गार वाऱ्यानं तिला निववतात, पुन्हा दाबतात, पुन्हा निववतात आणि मग एका लहानशा चक्रावर एकदम मोकळी सोडतात. चक्र फिरवता फिरवता ती पसरते आणि गारठते. आतलीच थोडी हवा गाळून तिच्यात मिसळतात आणि डोक्यावरच्या भोकांतून आपल्याला देतात. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं.

आईनं त्यातलं एकच ऐकलं. "इंजिनातून?" आणि पदर नाकाला लावला.

मला स्वतःचाच राग आला. हे मी तिला सांगायला नको होतं. आमच्या विहिरीचं पाणी आटलं की डिझेल इंजिन आतल्या कट्ट्यावर उतरवायचे. त्याचा धूर आत साचायचा. म्हणून खाली उतरण्याआधी दोरानं पेटता कंदील सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. एके दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, कंदील न सोडताच उतरले. वर आणलं तेव्हा ते गेलेले होते. मी तेव्हा शाळेत होतो.

विमानानं जोर धरला, जमीन सुटली आणि वास आला. घामट, ओल्या मोज्यांसारखा, त्यात जळक्या तेलाची झाक. इंजिनाचं तेल झिरपून त्या हवेत मिसळलं की असाच वास येतो. मी खिडकीतून पंखावरचा नंबर वाचला. हेच ते विमान. पायलटनं वासाची तक्रार लिहिली होती आणि परवा तपासणी मीच केली होती. इंजिन जोर देऊन बराच वेळ चालवायला हवं होतं. ड्युटी संपत आली होती, मी ते थोडा वेळ, कमी जोरावर चालवलं. 'वास आढळला नाही' असं लिहिलं, सही ठोकली आणि घरी गेलो.

"त्याल जळतंय," आई म्हणाली.

"काय न्हाई, आई."

"आरं, लई वास येतोय. सांग की कुणाला तरी."

हवाई सुंदरीला बोलवायचं बटण डोक्यावरच होतं. ते दाबलं तर चौकशी होणार, माझी सही पुढं येणार, कदाचित नोकरीही जाणार. मी हात खालीच ठेवला.

"कावून भ्यायलीस? ह्ये इमान मी सोता तपासलंय. परवाच."

आईनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते बोलली. "मी कंदील घिऊन त्येंच्या मागं पळाले हुते. आबा म्हणले, कालच बघितलंय."

मला भीती वाटली. तिची, हवेची, स्वतःची. पुढच्या रांगेत एक बाई मांडीवरच्या बाळाला थोपटत होती. बाळ खोकलं.

मी बटण दाबलं.

हवाई सुंदरी येईपर्यंत आईनं पदराचं दुसरं टोक माझ्या नाकावर गच्च धरून ठेवलं होतं. वास कसला आहे, पायलटला आत्ताच्या आत्ता सांगा, एवढं मी पदराआडूनच बोललो. तपासणीवर सही कुणाची आहे ते सांगायला मात्र मला आईचा हात बाजूला करावा लागला.