लिंबाची फोड डावीकडेच

मी ग्रंथपाल आहे. भुताखेतांच्या पुस्तकांवर नंबर घालून ती कपाटात लावते; घरी कधी आणली नाहीत. तरीही हे लिहिते आहे... सावकाश, जमेल तसं.

आम्ही चऱ्होलीत सहाव्या मजल्यावर राहतो. माझा नवरा सुहास चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. मेंदूच्या उजव्या भागातली गाठ काढली आणि त्याची डावी बाजू हरवली. डोळे चांगले होते, पण डावीकडेही काही असतं हेच त्याच्या लक्षात येईना. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायचा. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायचा आणि विचारायचा, "लिंबू संपलं का गं?"

लिंबू, मीठ, चटणी — सगळं डावीकडे. आपण वाढतो तिथेच.

थेरपिस्ट मुलीनं ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी चिकटवली. "काकू, लिंबू हातात द्यायचं नाही. पट्टी दिसेपर्यंत काकांनीच मान वळवायची. आणि तुम्हीही डावीकडेच बसा."

बसले. तो मान वळवायचा, अर्ध्यावर थकायचा. "हे ताट मी रिजेक्ट केलं असतं," हसून म्हणायचा, "अर्धाच माल पाठवलाय!"

सासूबाई चिडायच्या. "आगं, दे की त्येला! लेकराला कशाला छळतीस?"

मी दिलं नाही. तो बरा व्हावा म्हणून. गाठ परत आली, तो गेला... लिंबू काही त्याला सापडलं नाही. हातात दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्याच्या वाढदिवसाला दुपारी फोटोपुढे तेच ताट वाढलं. या वेळी लिंबू उजवीकडे ठेवायचं ठरवलं होतं. सवयीनं हात डावीकडेच गेला. म्हटलं, आल्यावर बदलू. सासूबाईंना घेऊन खाली सोसायटीच्या देवळात गेले — खिडक्या बंद, दाराला कुलूप, किल्ली माझ्या मुठीत. पंधरा मिनिटांत परत आलो.

फोड पिळलेली होती. दोन बिया वरणावर. आणि रिकामी फोड पुन्हा लाल पट्टीजवळ, जागच्या जागी.

मी सगळं घर पाहिलं. कोणी नव्हतं. सासूबाई ताटाकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "घावलं म्हणायचं त्येला."

मी फोटोच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, आणि आम्ही जेवलो.